मैना काय गाते?

(अण्णाभाऊ साठे जयंतीनिमित्त घाटकोपर इथे वस्त्यांमधल्या महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरींनो,

एक ऑगस्ट आला की आपल्या वस्त्यांमध्ये अण्णाभाऊंचे फोटो लागतात. हार पडतात, मिरवणुका निघतात, बॅनर झळकतात. त्या बॅनरवर अण्णाभाऊंच्या फोटोभोवती वीस-पंचवीस पुरुषांचे चेहरे असतात. बाई शोधावी लागते. मिरवणुकीत आपण असतो, पण मागे. स्टेजवर असतो, पण ओवाळायला. म्हणून यंदा तुम्ही ठरवलंत की बायांनीच सभा घ्यायची आणि अण्णाभाऊंबद्दल बायांनीच बोलायचं. मला बोलावलंत, मला बरं वाटलं.

मी काही साहित्याची अभ्यासक नाही. समाजकार्यात एम. ए. केलं आणि नंतरची सगळी वर्षं घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडच्या वस्त्यांमध्ये काम करते. रेशनकार्ड, नळ, नवऱ्याची मारहाण, पोटगी, शाळेतून काढलेली मुलगी, हे माझे रोजचे विषय. पण या कामात एक गोष्ट सतत कानावर पडते, ती म्हणजे गाणं. मोर्चात, हळदीत, जयंतीत, बचत गटाची मीटिंग संपल्यावर. म्हणून आज मी अण्णाभाऊंबद्दल बोलणार आहे ते गाणं रचणारा आणि गाणारा माणूस म्हणून. आणि एक प्रश्न विचारणार आहे. त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध गाण्यातली मैना गावाकडं राहिली. तिचं पुढं काय झालं? ती काय गात होती?

आधी त्यांची हकिकत थोडक्यात सांगते, कारण इथल्या कितीतरी मुलींना ती फक्त बॅनरवरच्या दोन तारखांपुरती माहीत आहे.

तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचं खरं नाव. जन्म १ ऑगस्ट १९२०, गाव वाटेगाव, तालुका वाळवा. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. जात मांग. इंग्रजांच्या राज्यात या जातीवर गुन्हेगारीचा शिक्का होता. चोरी कुणीही करो, हजेरी यांची. आईचं नाव वालूबाई. शाळा झाली ती दीड दिवसाची. पुढं गावात पोट भरेना तेव्हा सगळं कुटुंब मुंबईला निघालं. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून चालत. वाटेत मिळेल तिथं काम करायचं, खायचं, पुन्हा चालायचं. साताऱ्याहून मुंबईपर्यंत पायी! १९३१च्या सुमाराची ही गोष्ट. पोरगं होतं अकराएक वर्षांचं.

मुंबईत त्यांनी काय काय केलं? हमाली केली, कोळसे फोडले, फेरीवाल्यामागं गाठोडं वाहिलं, गिरणीत राबले. वाचायला शिकले ते दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघत. आमच्या सर्वेक्षणाच्या फॉर्मवर 'शिक्षण' असा एक रकाना असतो. त्या रकान्यात अण्णाभाऊंचं नाव निरक्षरांमध्ये गेलं असतं. आणि या माणसानं पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या, शिवाय कथा, लोकनाट्यं, पोवाडे, लावण्या, प्रवासवर्णन. तेव्हा 'आमची शाळा झाली नाही हो ताई' असं म्हणून मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्या बायांनी हे जरा लक्षात ठेवावं.

गाणं त्यांना कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नव्हतं. ते जातीच्या कामातून आलं होतं. मांगाच्या घरात हलगी असायचीच. गावच्या लग्नाला, जत्रेला वाजवायला हेच, आणि जेवायला पंगतीच्या बाहेर बसायचं तेही यांनीच. त्यांचे भाऊबंद बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. अण्णाभाऊ काही काळ त्या फडात होते. ढोलकी, तुणतुणं, बोलण्यातली हजरजबाबी, लोकांना दोन-दोन तास बसवून ठेवायची हातोटी, हे सगळं तिथलं. पुढं मुंबईत, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात, कम्युनिस्ट पक्षाशी संबंध आला. फडातली कला आणि कामगारांचा लढा तिथं एकत्र आला.

त्यांच्या सुरुवातीच्या रचनांपैकी एक कशावर होती, माहीत आहे? डासांवर! लेबर कॅम्पात डास फार. तर या माणसानं डासांवर गाणं रचलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गाणं म्हटलं की आपल्याला चंद्र, फुलं, राधा-कृष्ण सुचतं. पण गटार, डास, नळाची रांग हाही गाण्याचा विषय असू शकतो, हे त्या वस्तीला त्यांनी दाखवलं. नगरपालिकेकडं अर्ज कितीही करा, तो फाइलीत जातो. गाणं मात्र तोंडातोंडी होतं, हजार माणसं ते म्हणतात आणि साहेबाला ऐकावंच लागतं.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर या दोन शाहिरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. मग तिघांनी सगळा महाराष्ट्र पिंजून काढला. गिरणीच्या दारात, मैदानात, शेतकऱ्यांच्या परिषदेत कार्यक्रम व्हायचे. स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांचा पोवाडा होता. बंगालच्या दुष्काळावर होता, अमळनेरच्या गिरणी कामगारांवर झालेल्या गोळीबारावर होता, फाळणीच्या वेळच्या पंजाब-दिल्लीच्या दंग्यांवर होता. म्हणजे पेपर ज्यांना वाचता येत नव्हता त्यांचा पेपर म्हणजे हे पोवाडे. मुंबईच्या लावणीत त्यांनी मलबार हिल आणि परळ शेजारी-शेजारी ठेवले. एकीकडं महाल, दुसरीकडं घाम. स्वातंत्र्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबई सरकारनं या कलापथकावर बंदी घातली. गाण्यावर बंदी! सरकारला गाण्याची भीती वाटते, हे आपण विसरू नये.

आता मी बाईच्या मुद्द्यावर येते.

तमाशाची जुनी बांधणी तुम्हाला ठाऊक आहे. आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि वग. गणात गणपतीला नमन. गौळणीत काय, तर दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या वाटेत अडवतात. त्यांची चेष्टा, दोन अर्थांचं बोलणं, आणि समोर बसलेले हजार पुरुष हसतात. विचार करा. बाई कामाला निघाली आहे, डोक्यावर माल आहे, बाजार गाठायचा आहे आणि वाटेत पुरुष आडवा येतो. आपल्याकडं याला छेडछाड म्हणतात. तिथं ती करमणूक होती, वर देवाच्या नावावर.

अण्णाभाऊंनी तमाशाचं लोकनाट्य केलं तेव्हा गणपतीच्या जागी मायभूमीला, कष्टकऱ्यांना, शिवरायांना वंदन आणलं. आणि गौळण काढून टाकली. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' ही त्यांची लोकनाट्यं बघा. हसू तिथंही आहे, भरपूर आहे. पण ते सावकाराला, पुढाऱ्याला, शेटजीला हसणं आहे. वाटेवरच्या बाईला नाही. हा साधा बदल नव्हता. प्रेक्षक ज्या गोष्टीसाठी पैसे मोजतो तीच काढून टाकायची आणि तरी त्याला बसवून ठेवायचं, हे धाडस होतं. स्त्री-मुक्तीचा शब्दही जेव्हा आपल्याकडं रुळला नव्हता तेव्हाचं हे धाडस आहे. त्याची नोंद आपण स्त्रियांनी घ्यायला हवी.

पण याच ठिकाणी दुसरी बाजूही बघावी लागते. गौळणीत जी बाई नाचत होती, ती कोण होती? ती कोल्हाट्याची, महाराची, मांगाची लेक होती आणि तेच तिचं पोट होतं. शर्मिला रेगे यांनी नव्वदच्या दशकात लावणी कलावंतांवर लिहिलं आहे. या बायांची कला, त्यांचे श्रम आणि त्यांची लैंगिकता जातीच्या बंधनांनी कशी बांधलेली होती, हे त्यांनी दाखवलं. तमाशावर बंदी आली की सगळ्यात आधी चूल विझते ती या बायांची. तमाशा 'स्वच्छ' झाला की टाळ्या पडतात, पण त्यातली बाई कुठं गेली हे कुणी विचारत नाही.

अण्णाभाऊंच्याच काळातली, त्यांच्याच जातीतली एक बाई बघा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५, पंढरपूर. गायची, नाचायची, फड चालवायची. पोटुशी असताना बोर्डावर उभी राहिली. खेळ चालू असताना कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर आली. ही कथा महाराष्ट्र फार कौतुकानं सांगतो. मला मात्र ती ऐकताना कौतुकापेक्षा राग जास्त येतो. बाळंतिणीला त्या रात्री पुन्हा उभं राहावं का लागलं? तिला राष्ट्रपती पदक मिळालं. २००२ साली ती गेली तेव्हा शेवटची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली होती. म्हणजे मांगाच्या घरातला पुरुष शाहीर झाला आणि बाई तमासगिरीण झाली. दोघांचीही हलाखी सुटली नाही, पण दोघांना मिळालेली नावं सारखी नव्हती. शाहिराच्या नावामागं आदर आहे. तमासगिरीण हा शब्द आजही शिवी म्हणून वापरला जातो.

आता मैनेचं गाणं. 'माझी मैना गावावर राहिली'. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही छक्कड महाराष्ट्रभर गाजली. छक्कड हा लावणीच्याच कुळातला तमाशातला प्रकार. इथं बसलेल्यांपैकी निम्म्या जणींना ती पाठ असेल, म्हणून ओळी सांगत नाही, बांधणी सांगते. सुरुवातीला एक नवरा आपल्या बायकोचं वर्णन करतो. तिचं रूप, तिचा स्वभाव. मग गरिबीनं त्याला मुंबईला जावं लागतं, तो निरोपाचा प्रसंग येतो. मग मुंबई, तिथली यंत्रं, गर्दी, साठेबाज, काळाबाजारवाले. आणि मग गाणं वळतं. संयुक्त महाराष्ट्र होतोय, पण बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव बाहेर राहतंय. माझी मैना जशी माझ्यापासून तुटून गावाकडं राहिली, तसा हा मुलूख आमच्यापासून तुटला.

लाखो गिरणी कामगारांच्या बायका तेव्हा गावाकडं होत्या. खोलीत दहा-दहा बाप्ये, खानावळीत जेवण, वर्षातून एकदा गाव. त्या प्रत्येक पुरुषाचं दुःख या एका गाण्यात आलं. सीमाभागाचा राजकीय प्रश्न घरातल्या दुखण्याच्या भाषेत सांगितला, म्हणून तो कळला. १ मे १९६०ला महाराष्ट्र राज्य झालं त्यामागं सभा-सत्याग्रह होते, शंभरावर हुतात्म्यांचं रक्त होतं आणि अशी गाणीही होती.

मी हे गाणं कितीदा तरी ऐकलं आहे आणि दरवेळी गळ्याशी येतं. पण बाई म्हणून ऐकते तेव्हा एक गोष्ट जाणवते. सगळं गाणं तिच्याबद्दल आहे, पण ती बोलत नाही. ती सुंदर आहे, ती रडते, ती वाट बघते. आणि पुढं तर ती बाईसुद्धा राहत नाही, ती भूमी होते. आपल्याकडं बाईची भूमी होते, माता होते, देवी होते. माणूस व्हायला मात्र तिला फार झगडावं लागतं. हा दोष एकट्या अण्णाभाऊंचा नाही. चळवळीतल्या सगळ्या गाण्यांनी हेच केलं. पण आपण बायांनी विचारायला नको का? नवरा मुंबईला गेल्यावर मैनेनं शेत कसं केलं? मनीऑर्डर आली नाही त्या महिन्यात काय रांधलं? सासूनं छळलं तेव्हा कुणाला सांगितलं? गावच्या पाटलाची नजर कशी चुकवली? मुंबईत नवऱ्यानं दुसरा संसार थाटल्याचं कानावर आलं तेव्हा ती काय म्हणाली?

खुद्द अण्णाभाऊंचा पहिला विवाह कोंडाबाईंशी झाला होता आणि पुढं मुंबईतला संसार जयवंताबाईंबरोबर झाला. आज दिवसभरात किती भाषणं होतील? त्यांत ही दोन नावं तुम्हाला किती वेळा ऐकू येतील? मोजा. कॉम्रेड दौऱ्यावर जातो, तुरुंगात जातो, रात्र-रात्र लिहितो. तेव्हा पोरांच्या तोंडात घास कोण घालतं? तो राजकारण करतो आणि ती घर चालवते, अशी विभागणी आपण अजून किती दिवस गृहीत धरणार? मल्लिका अमर शेख या अमर शेखांच्या कन्या. शाहिराच्या घरात वाढल्या आणि नामदेव ढसाळांसारख्या मोठ्या कवीशी लग्न केलं. १९८४ साली आलेलं त्यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन आपल्या गटांनी एकत्र बसून वाचावं असं आहे. चळवळीच्या घरात बाईच्या वाट्याला काय येतं, ते त्यांनी लपवलं नाही.

हे सगळं म्हणत असताना अण्णाभाऊंवर अन्याय होऊ नये, म्हणून त्यांच्या कादंबऱ्यांकडंही बघू. गाण्यात जी बाई गप्प राहिली ती कादंबरीत बोलायला लागते. 'वैजयंता' ही तमाशातल्या कलावंतिणीची गोष्ट आहे. 'चंदन' ही मुंबईच्या झोपडपट्टीत एकटीनं राहणाऱ्या कष्टकरी बाईची. 'चित्रा'मध्ये मुंबईच्या बाजारात ढकलली जाणारी मुलगी आहे. 'चिखलातील कमळ'मध्ये देवाला सोडलेली मुरळी आहे. या बाया मार खातात, पण मान खाली घालत नाहीत. त्यांची अब्रू शरीरापुरती नाही, ती स्वाभिमान आहे. 'फकिरा' १९५९ला आली, ती त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली आणि तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्‌घाटन त्यांनी केलं. पृथ्वी शेषाच्या फण्यावर नाही, दलितांच्या आणि कामगारांच्या तळहातावर उभी आहे, असं त्यांनी तिथं सांगितलं. मी त्यात एवढीच भर घालीन की त्या तळहातांतले निम्मे तळहात बांगड्या घातलेल्या हातांचे आहेत.

यातलं पुष्कळसं लिखाण झालं ते आपल्याच घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले, प्रवासवर्णन लिहिलं आणि पुन्हा त्याच झोपडीत परतले. त्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. 'वैजयंता' निघाला, 'फकिरा' निघाला, पुढंही निघत राहिले. तरी घरची गरिबी हटली नाही. शेवटी गोरेगावला सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळालं. तिथं १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. वय पन्नासही नव्हतं. आजारपण, दारिद्र्य, एकाकीपणा. २००२ साली त्यांचं टपाल तिकीट निघालं आणि २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. पुतळा व्हावा, जरूर व्हावा. पण कलावंत जिवंत असताना त्याच्या घराचं छप्पर गळतंय का, हे बघणारी व्यवस्था आपण उभी करू शकलो नाही.

आता पुन्हा मैनेकडं वळू. ती गप्प होती का? नव्हती. ती पहाटे जात्यावर बसून गात होती. नवरा परगावी, सासू, भाऊ, पोटची लेक, पाऊस, कर्ज, सगळं त्या ओवीत यायचं. अमर शेखांना गाण्याचा वारसा मिळाला तो आई मुनेरबींकडून. म्हणजे मैदान गाजवणाऱ्या शाहिराच्या आवाजामागं जात्यावरची आई आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ या दोघांनी गावोगावच्या बायांना बरोबर घेऊन ओव्या गोळा केल्या. किती झाल्या असतील? एक लाखाच्या वर. एक लाख ओव्या, आणि त्या कुठल्या बाईनं, कुठल्या गावात गायल्या याची नोंद ठेवली. बाईचं गाणं म्हणजे 'पारंपरिक', कुणाचंच नाही, असं समजायची आपली रीत आहे. त्यांनी तिथं नाव लिहिलं. मला हे काम फार मोठं वाटतं.

शाहिराचं गाणं मैदानात होतं, म्हणून ते राजकारण झालं. तिचं गाणं उंबऱ्याच्या आत होतं, म्हणून ते बायकांचं रडगाणं ठरलं. फरक गाण्यात नव्हता, जागेत होता. बाईला मैदान मिळालं तर काय होतं, याचं एक उदाहरण दूर अमेरिकेतलं देते. तिथं डोंगरी मुलखातल्या गरीब लोकांच्या गाण्याला कंट्री संगीत म्हणतात. गावाकडचंच गाणं. गाव सुटलेलं दुःख, खाण, दारू, देव हे त्याचे विषय. केंटकी राज्यात एका कोळसा खाणीतल्या मजुराच्या घरी १९३२ साली लोरेटा लिन नावाची मुलगी जन्मली. पंधराव्या वर्षी लग्न झालं. विशीच्या आसपास पदरात चार मुलं. नवऱ्यानं एक स्वस्तातली गिटार आणून दिली, ती स्वतःची स्वतः वाजवायला शिकली आणि स्वतःची गाणी रचायला लागली. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्यावर तिनं गाणी केली. आपण खाण कामगाराची लेक आहोत हे तिनं १९७० साली अभिमानानं गाऊन सांगितलं. १९७५ साली तिचं गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं आलं. दरसाल बाळंतपण काढणारी बाई नवऱ्याला सुनावते की आता बस! कित्येक रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. तरी ते गावागावांतल्या बायांपर्यंत पोचलं. २०२२ साली ती वारली तोवर तिच्या गाण्यांनी मोठा इतिहास केला होता. तिथली मैना बोलली आणि तिनं बोललेलं सरळ स्वयंपाकघरातलं, बिछान्यातलं होतं.

आपल्याकडं हे झालंच नाही असं नाही. मुलुंडच्या झोपडपट्टीत विलास घोगरे हे शाहीर राहत. ११ जुलै १९९७ला इथं घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे जीव गेले, आणि त्या दुःखात चारच दिवसांनी विलास घोगऱ्यांनी स्वतःला संपवलं. ती जखम या उपनगरात अजून भरलेली नाही. त्यांच्यानंतरच्या पिढीत पुण्याच्या वस्तीतून शीतल साठे पुढं आली. ती स्वतः रचते, स्वतः गाते. आईवर गाते, जातीवर गाते. २०१३ साली गरोदर असताना ती तुरुंगात होती आणि हायकोर्टानं जामीन दिल्यावर बाहेर आली. आता डफ बाईच्या हातात आहे आणि तिला शाहीर म्हणावंच लागतं.

आणि मैत्रिणींनो, मैना आता गावावर राहिलेली नाही. ती इथं आली आहे. ती सकाळी सहाला मुलुंडच्या टॉवरमध्ये पोळ्या लाटायला जाते. अंधेरीच्या कारखान्यात पॅकिंग करते. बोरिवलीला भाजी विकते. २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, तोही तिनं रस्त्यावर येऊन मिळवला. तिची मैना तिनं गावाकडं आईजवळ ठेवली आहे, ती म्हणजे तिची मुलगी. म्हणजे विरह संपला नाही, बदलला. त्याचं गाणं अजून व्हायचं आहे आणि ते कुणी बाहेरचा येऊन करणार नाही.

आमच्या एका गटात साठीच्या पुढची एक मावशी आहे. पाण्याच्या मोर्चाच्या आदल्या रात्री ती बसल्याबसल्या ओवी जोडते. हंडा, टँकर, नगरसेवक, मुकादम, सगळे त्यात येतात आणि बाया हसून-हसून लोळतात. दुसऱ्या दिवशी तीच ओवी वॉर्ड ऑफिसच्या दारात घोषणा होते. मोर्चाच्या बातमीत पुढाऱ्याचं नाव येतं. ओवी जोडणारीचं येत नाही. तिला विचारलं तर ती म्हणते, 'ते काय गाणं हाय व्हय, असंच म्हनलं.' अण्णाभाऊ असंच म्हणून डासांवरचं गाणं सोडून देते, तर?

म्हणून माझं मागणं आहे आणि ते अगदी साधं आहे. एक, प्रत्येक गटानं एक वही घालावी. तुमच्यातली जी कोणी ओवी, पाळणा, भीमगीत, मोर्चाचं गाणं रचते ते त्यात लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीनं लिहायचं. दोन, गाण्याखाली तिचं नाव लिहायचं. नवऱ्याचं नाव, मंडळाचं नाव नंतर. आधी तिचं स्वतःचं. आज सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, तिच्या आवाजात तिच्या परवानगीनं ते भरून ठेवा. तीन, पुढच्या एक ऑगस्टला स्टेजवर अण्णाभाऊंच्या गाण्यांबरोबर या वहीतली गाणी म्हणायची आणि रचणारीचं नाव माइकवर घ्यायचं. तिला ओवाळायला नाही, गायला बोलवायचं. आणि कोंडाबाई, जयवंताबाई, विठाबाई, मुनेरबी ही नावंही त्या दिवशी घ्यायची.

अण्णाभाऊंनी गौळण काढली आणि वाटेत अडवलेली बाई मोकळी केली. तिला पुढं बाजारापर्यंत, मैदानापर्यंत न्यायचं काम त्यांचं नव्हतं, ते आपलं आहे. त्यांनी वाट साफ करून दिली, यासाठी त्यांचे उपकार मानूया आणि चालायला लागूया.

आता मी बसते. वही कोण घालणार ते आत्ताच ठरवा आणि मावशीला माइक द्या.

जय भीम, जय अण्णाभाऊ, स्त्री-मुक्ती झिंदाबाद!